स्थलांतरित कामगार म्हणजे नेमका कोण?

आमच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांबा भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आजारपणात दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड.

समजा, एक टोळी कोल्हापूरला गेली, दुसरी बेळगावला. काम तेच, उचलही तशीच. आता कायदे लावून बघू.

संयुक्त राष्ट्रांचा स्थलांतरित कामगारांविषयीचा करार 1990 चा, लागू झाला 2003 मध्ये. भारताने तो स्वीकारलेला नाही, आपली माणसं जातात त्या आखाती देशांनीही नाही. पण उद्या भारताने सही केली तरी काय? कलम 2 नुसार, आपण नागरिक नाही अशा देशात काम करणारा तो स्थलांतरित कामगार. म्हणजे दोन्ही टोळ्या बाहेर.

मग आपला 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा? तो 2025 पर्यंत लागू होता; त्यात बेळगावची टोळी निदान कागदावर बसायची, कोल्हापूरची नाही. 2020 च्या श्रमसंहितेतल्या व्याख्येतही राज्याची सीमा कायम आहे.

म्हणून कराराचं मूल्यमापन करताना किती देशांनी सही केली हे मोजण्याआधी व्याख्येचं कलम वाचा. 'अंमलबजावणी कमी पडली' हा निष्कर्ष सोपा असतो. इथे माणूस व्याख्येतूनच गळालाय.

दुसरी वाट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1930 चा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार (क्रमांक 29) भारताने 1954 मध्ये स्वीकारला. त्यात सीमेची अटच नाही. दोनच गोष्टी तपासायच्या: शिक्षेची धमकी होती का, आणि काम स्वेच्छेने पत्करलं होतं का? आपल्याकडे 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदाही आहे. आता उचल आणि खाडा या कसोटीवर ठेवून बघा.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीत दिवस बुडण्याची, खाडा लागण्याची भीती हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं.

तुमच्या प्रश्नावलीत 'कोयता' हे एकक धरलं, तर ही बाई पुन्हा अर्धीच मोजली जाईल. तिचा रकाना वेगळा ठेवा.