घोडेस्वाराने पाठलाग केलेली लाट

एडिंबरोच्या मुक्कामात युनियन कालव्यावरील, जॉन स्कॉट रसेल यांचे नाव धारण करणाऱ्या जलसेतूवर उभे राहण्याचा योग आला, आणि ज्या घटनेमुळे लाटांच्या गणिताचा छंद मला जडला, तिची हकीकत येथे सांगावीशी वाटली.

१८३४ च्या ऑगस्टात घोड्यांनी ओढलेली एक नाव अकस्मात थांबली, तेव्हा तिच्या पुढ्यातील पाणी एकाच गोलाकार उंचवट्याच्या रूपाने पुढे निघाले. रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागे गेले, आणि उंची हळूहळू घटली तरी ती सुमारे तीस फूट लांबीची आकृती मोडली नाही.

पुढे हौदातील प्रयोगांनी त्यांनी तिचा वेग ठरविला: पाण्याची खोली व लाटेची उंची यांच्या बेरजेस गुरुत्वत्वरणाने गुणून वर्गमूळ काढावे. तरीही एअरींसारख्या मातबर गणितज्ञास ते पटले नाही!

बूसिनेस्क व रॅली यांच्या कार्यानंतर, १८९५ मध्ये कोर्टवेग व द व्रीस यांनी मांडलेल्या समीकरणातून लाट न मोडण्याचे कारण स्पष्ट दिसते. उंच भाग जलद धावत असल्याने लाट पुढून उभट होऊ पाहते, आणि भिन्न तरंगलांबीचे घटक भिन्न वेगांनी जात असल्याने ती विखरू पाहते. या दोन प्रवृत्ती परस्परांस तोलून धरतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते १९६५ चे काम. झाबुस्की व क्रुस्कल यांनी अंतर व काल यांचे लहान लहान खंड पाडून हेच समीकरण संगणकावर सोडविले, तेव्हा अशा लाटा एकमेकींतून पार होऊन मूळ आकारानेच बाहेर पडल्या. अशा पद्धतीत कालखंड फाजील मोठा घेतला, तर सारा हिशेब कोसळतो.

ही गणना स्वतः करून पाहण्याची कोणास इच्छा असेल, तर अवश्य विचारावे, तपशीलवार लिहीन.