लाजवंतीला उडी मारता येत नाही. म्हणून तिला सलग रान लागतं

निपाणी : निपाणीहून गोव्याला निघालेली गाडी आजरा-आंबोलीमार्गे जावो की बेळगावहून चोर्ला घाटातून, ऊस-तंबाखूची शेती मागे पडली की काही वेळाने रस्त्यावर गर्द सावली येते. चोर्ला घाटाच्या आजूबाजूच्या याच पट्ट्यात, रात्रीच्या अंधारात, वीतभर लांबीचा एक प्राणी फांदीला धरून हळूहळू पुढे सरकत असतो. मराठीत त्याला लाजवंती म्हणतात, इंग्रजीत स्लेंडर लोरिस. कन्नडमधलं नाव आहे ‘काडु पापा’, म्हणजे रानातलं बाळ.

लाजवंती माणूस आणि माकडांच्याच गणातली, पण माकडांपेक्षा आफ्रिकेतल्या पोटो आणि बुशबेबीला जवळची. वजन जेमतेम पाव किलोच्या आसपास, हातपाय काटकुळे, शेपूट नाही. डोळे मात्र चेहऱ्याच्या मानाने मोठे. बुबुळामागे प्रकाश परत फेकणारा थर असल्याने अंधारातही तिला दिसतं आणि बॅटरीच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात.

खाणं काय?

मुख्य खाणं किड्यांचं. मुंग्या, वाळवी, भुंगे, शिवाय झाडाचा डिंक. इतर प्राणी टाळतात असे उग्र, विषारी किडेही ती खाते. त्यामुळे रानालगतच्या शेतकऱ्याचं तिच्यापासून नुकसान काहीच नाही, झाला तर फायदाच. दिवसा ती दाट पाल्यात गोळा होऊन झोपते. साडेपाच महिन्यांच्या आसपास गर्भ राहतो, पिल्लू एक किंवा दोन. पिल्लू थोडं मोठं झालं की आई त्याला फांदीवर ठेवून चरायला जाते आणि पहाटे परत घेते.

अडचण उडीची

माकड एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतं. लाजवंतीला ते जमत नाही. एक फांदी घट्ट धरायची, मगच दुसरी सोडायची, ही तिची चाल. फांदीला फांदी भिडलेली असेल तरच ती पुढे जाते. मध्ये रस्ता आला, झाडं तुटली की तिला जमिनीवर उतरावं लागतं. तिथे गाडी, कुत्रं किंवा साप गाठतो. विजेच्या तारेला फांदी समजून धरलं तर शॉक बसतो.

गोव्यातल्या म्हादई आणि मोले अभयारण्यांत तिची नोंद आहे. खानापूर तालुक्यातलं 2011 साली घोषित झालेलं भीमगड अभयारण्य म्हादईला लागूनच, तर तिलारीचं रानही याच सलग पट्ट्यातलं. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र या रेषा नकाशावर आहेत. लाजवंतीची हद्द मात्र झाडं संपतात तिथे संपते. म्हणून रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडत्या ठेवणं, निदान ठरावीक ठिकाणी दोरांचे पूल बांधणं, हा तिच्या जगण्याचा प्रश्न आहे. तमिळनाडूने 2022 मध्ये करूर आणि दिंडीगल जिल्ह्यांतलं 11,806 हेक्टर जंगल लाजवंतीसाठी राखलं. कडवूरचं ते देशातलं पहिलं लोरिस अभयारण्य.

अंधश्रद्धेचा फटका

तिच्या डोळ्यांपासून औषध होतं, जादूटोण्यात ती चालते, अशा समजुतींपायी तिला पकडलं जातं. यात तथ्य काही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्याने पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा असून 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते.

सापडली तर काय कराल?

हात लावू नका, टॉर्चचा झोत डोळ्यांवर धरू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. कुत्री हाकला आणि वन विभागाला कळवा. हेल्पलाइन 1926. कर्नाटकात हाच नंबर, महाराष्ट्रातही हाच.