चंद्रावरची रातपाळी

रातपाळीची आम्हां कामगारांना सवय आहे. परंतु ७ सप्टेंबर २०१९ रोजी मध्यरात्र उलटल्यावर शहाडला आम्ही घरी जागत बसलो, ते 'विक्रम' चंद्रावर उतरताना पाहण्यासाठी.

चंद्रावरून संदेश येण्यास सुमारे सव्वा सेकंद लागतो, उत्तर जाण्यास तितकाच. म्हणून यान उतरू लागले की बंगळुरूहून ते हाकता येत नाही. ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर हा वेग त्याने पंधरा मिनिटांत स्वतःच मोडावयाचा असतो. पडद्यावरची रेषा थबकली. घरात कोणी बोलेना.

पुढे तपासात कळले, की इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक पडला आणि तो सावरण्यास यानाला पुरेशी मुभा नव्हती. मग पुढच्या यानाचे पाय बळकट केले, इंधन वाढविले, उतरण्याची जागा ५०० मीटर चौरसाऐवजी ४ बाय २.४ किलोमीटर धरली. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी ते सुखरूप उतरले.

कारखान्यात अपघात झाला, की 'चूक कोणाची?' एवढेच विचारले जाते. 'चूक झाली तरी माणूस वाचेल अशी सोय का नव्हती?' हेही विचारावयास आम्ही त्या जागरणातून शिकलो.