टायटॅनियम, हाड आणि वनस्पतींतली रसायनं

स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं. पुढे ते काढायला गेले तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढलं होतं. याच गुणाच्या आधारे त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला दातांचं इम्प्लांट बसवलं.

इम्प्लांट म्हणजे जबड्यात बसवलेला स्क्रू. सुरुवातीला तो केवळ आट्यांच्या पकडीवर टिकतो. त्याच्याभोवती रक्त येतं, रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात, गुठळी होते. तिच्या जाळ्यातून मूळपेशी सरकत येतात आणि काहींच्या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी होतात. त्या आधी कोलॅजेन तयार करतात, मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार साठतात. त्याच वेळी ऑस्टिओक्लास्ट पेशी दुखावलेलं जुनं हाड झिजवत असतात. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत जुनी पकड सैल झालेली असते आणि नवी पुरती आलेली नसते. संशोधकांना हाच नाजूक काळ कमी करायचा आहे.

इथे वनस्पतींतली रसायनं उपयोगी पडू शकतात. कांद्यातलं क्वेर्सेटिन, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दुहेरी काम करताना दिसतात: मूळपेशींना हाडाच्या वाटेला लावणारं रन्क्स-२ हे जनुक जागं करतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना मिळणारे संदेश दाबतात. सूजही कमी होते.

मग हळदीचं दूध प्यायलं तर? कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं आणि यकृत तेही झटपट बदलून टाकतं. जबड्यापर्यंत पोचतं ते नगण्य. म्हणून रसायन धातूवरच बसवतात. एका पद्धतीत विजेच्या साहाय्याने टायटॅनियमवर अतिसूक्ष्म नळ्या घडवून त्यात ते भरतात. ते हळूहळू पाझरतं. दुसऱ्या पद्धतीत आधी सिलेनचा थर देऊन त्याला रेणू रासायनिक बंधाने जोडतात. स्पेनमधल्या बॅलिआरिक बेटांच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी क्वेर्सेटिनचंच भावंड असलेलं क्वेर्सिट्रिन असं जोडून पाहिलं आहे. मात्रा मात्र जपावी लागते. जास्त झाली तर पेशी मरतात.

आपल्याकडच्या हाडसांधी वेलीच्या अर्काचेही हाडपेशींवर प्रयोग झाले आहेत. पण यातलं बहुतेक काम अजून पेशी आणि प्राण्यांपुरतंच आहे. दवाखान्यात आज प्रामुख्याने वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने खरबरीत केलेली इम्प्लांट वापरतात. इम्प्लांट बसवून घेणार असाल तर तंबाखू सोडा, रक्तातली साखर आटोक्यात ठेवा; हाड धरण्यासाठी आज तरी हेच उपाय हाताशी आहेत.