नंबर लावून बघायचा मायक्रोस्कोप

मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. मी मायक्रोस्कोपवर लेख लिहितेय म्हटल्यावर मंडळातले काहीजण हसले. पण याला कारण माझी रूममेट. ती पेशींवर प्रोजेक्ट करतेय. परवा रात्री नऊ वाजता बॅग उचलून निघाली. म्हटलं, एवढ्या रात्री कुठे? म्हणाली, "कॉन्फोकलचा स्लॉट मिळालाय. दिवसाचे सगळे फुल्ल आहेत."

मला वाटायचं, मायक्रोस्कोप काय, प्रत्येक लॅबमध्ये असतोच. साधा असतो. कॉन्फोकलची गोष्ट वेगळी. त्यात लेसरने पेशीतला चमकणारा रंग उजळवतात आणि एका बारीक छिद्रातून फक्त एकाच थराचा प्रकाश आत घेतात. असे एकेक थर टिपून कॉम्प्युटर पेशीचं संपूर्ण चित्र उभं करतो. अशा यंत्राची किंमत कोटींच्या घरात जाते. शिवाय एसी, कंप न बसणारं टेबल, दरवर्षीची देखभाल. म्हणून मोठ्या संस्थांमध्ये ही यंत्रं एका ठिकाणी ठेवतात आणि सगळे वाटून वापरतात.

हे ऐकताना मला आमच्या तुकईथडची पिठाची गिरणी आठवली. गिरणी काही घरोघरी नसते. धान्य घरून निवडून न्यायचं, नंबर लावायचा, दळणाचे पैसे द्यायचे. ओलं धान्य चालत नाही. मिरची पिठाच्या जात्यात टाकायची नाही, नाहीतर पुढच्याच्या भाकरीची वाट लागते. इथेही तसंच आहे. स्लाइड घरून, म्हणजे आपल्या लॅबमधून, नीट तयार करून न्यायची. ट्रेनिंग झाल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. तासाप्रमाणे पैसे; संस्थेतल्यांना कमी, बाहेरच्यांना जास्त. तेलाची लेन्स पुसायला विसरलात, तर पुढच्याचं चित्र धूसर. आणि गिरणीवाल्यासारखाच इथे एक तंत्रज्ञ असतो. कोणत्या नमुन्याला किती लेसर सोसेल, हे त्याला अनुभवाने कळतं. संशोधनाच्या पेपरमध्ये त्याचं नाव आलंच तर शेवटच्या आभारात.

आता यात माझं काय अडलंय, ते सांगते.

शाळेत माझी एक कोरकू मैत्रीण होती. महिन्यातून दोन-चार दिवस गैरहजर. सांधे दुखतात म्हणायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो. मीसुद्धा. पुढे रक्त तपासल्यावर कळलं, सिकलसेल आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच घटक बदललेला असतो. ऑक्सिजन कमी झाला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे बनतात, आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ते दुखणं. वाकलेली पेशी साध्या मायक्रोस्कोपखाली दिसते. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० साली तिचं वर्णन केलं ते असंच बघून. पण तिला वाकवणारा धागा जेमतेम २० नॅनोमीटर जाड. साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचं वेगळं दिसत नाही, ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवली होती. तो धागा बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. म्हणजे आजार ओळखणं गावाजवळ होऊ शकतं. तो आतून समजून घेणं मात्र या वाटून वापरायच्या यंत्रांवर येऊन थांबतं.

आपल्याकडे अशी सोय आहे. आयआयटी मुंबईत १९७६ पासून असं केंद्र आहे; आज त्याला 'सैफ' म्हणतात. बाहेरच्या कॉलेजांचे नमुनेही तिथे घेतात. देशात कुठे कोणतं यंत्र आहे ते शोधून नंबर लावता यावा म्हणून सरकारचं 'आय-स्टेम' पोर्टल २०२० मध्ये सुरू झालं. आणि १ जुलै २०२३ ला आमच्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे.

तरी मला एक गोष्ट खटकते. नंबर सगळ्यांना खुला असला, तरी रांगेपर्यंत पोचायला भाडं लागतं, राहायला जागा लागते, आणि "नमुना असा तयार कर" हे सांगणारं कुणीतरी लागतं. बुऱ्हाणपूरसारख्या गावातल्या कॉलेजची मुलगी एका स्लाइडसाठी मुंबई गाठणार कशी? यंत्र वाटून घेतलं म्हणजे सगळ्यांना मिळालं, असं होत नाही. प्रवासखर्च आणि ट्रेनिंगही त्याच हिशेबात धरायला हवं.

नाताळच्या सुट्टीत मैत्रीण भेटली. आता गोळ्या चालू आहेत, दुखणं कमी आहे. मी तिची माफी मागितली. मग तिला ते धाग्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते, हे त्यात दिसतं?"

हो, दिसतं. ज्यांचा नंबर लागतो, त्यांना दिसतं.