दुकानातल्या संगणकात ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर आहे? मग हे वाचाच

तालुक्याच्या गावात डीटीपी सेंटर असो, फोटो स्टुडिओ असो की खत-बियाण्यांचं दुकान. संगणक बसवून देणारा विंडोजपासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरपर्यंत सगळं एकाच पेनड्राइव्हमधून ‘टाकून’ देतो. वर ‘सगळेच वापरतात, काही होत नाही’ असंही सांगतो. पण अडचण आली की भोगावं लागतं ते दुकानदारालाच.

कुलूप कसं असतं?

सॉफ्टवेअरची कॉपी करायला खर्च येत नाही, म्हणून कंपन्या त्याला कुलूप लावतात. पहिला प्रकार डोंगलचा. पेनड्राइव्हसारखी ही छोटी वस्तू संगणकाला लावली तरच सॉफ्टवेअर उघडतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’मुळे मराठी डीटीपीवाल्यांना हा डोंगल चांगलाच ओळखीचा आहे. दुसरा प्रकार अ‍ॅक्टिव्हेशनचा. बिलासोबत मिळालेला क्रमांक टाकला की कंपनीचा सर्व्हर तो तपासतो आणि ठरलेल्या संगणकांपुरतीच परवानगी देतो. तिसरा प्रकार वर्गणीचा. मुदत संपली की काम थांबतं.

‘क्रॅक’ म्हणजे ही तपासणी करणारा भागच बदलायचा किंवा त्याला खोटं उत्तर द्यायचं.

धोका कुठे?

क्रॅक टाकताना बहुतेक वेळा ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं सांगितलं जातं. म्हणजे चोराला आत घेण्यासाठी राखणदारालाच बाहेर काढायचं. अशा फाइलमधून व्हायरस आला, तर ग्राहकांची आधार कार्डं, बँकेचे पासवर्ड आणि वर्षभराची उधारी सगळंच पणाला लागतं.

शिवाय क्रॅक उघडं पडेल म्हणून अनेक जण अपडेटही बंद ठेवतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. फटका बसला तो अपडेट न केलेल्या संगणकांना.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृतीच मानली जाते. कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कैद माफ करू शकतं. दुकानाला मात्र ही सवलत नाही. हक्कभंगासाठी कुलूप तोडणाऱ्यालाही २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५अ नुसार २ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची सुरक्षेसाठी बॅकअप प्रत ठेवायला मात्र कायद्याची हरकत नाही.

मग करायचं काय?

• संगणक घेताना बिलावर सॉफ्टवेअरचं नाव लिहून घ्या.
• परवाना दुकानाच्या नावावर आहे का आणि किती संगणकांसाठी आहे, ते पाहा.
• डोंगल हरवू देऊ नका. बिल जपून ठेवा.
• बजेट नसेल तर फुकट आणि कायदेशीर पर्याय आहेत. पत्रं व तक्त्यांसाठी लिबरऑफिस, फोटोसाठी गिम्प, डिझाइनसाठी इंकस्केप आणि विंडोजऐवजी उबुंटू.

नवीन सॉफ्टवेअरला हात बसायला थोडे दिवस लागतील. पण वर्षभराचा हिशेब एका दिवसात गमावण्यापेक्षा ते केव्हाही परवडतं.