विश्लेषण : पडद्यावरचे ‘वयात येणे’ नेमके कोणाचे? हॉलिवूडचा जुना प्रश्न आणि शेजारच्या जेऊरचे उत्तर

धाराशिव : परंडा तालुक्याची हद्द ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका लागतो. याच तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील बोली, माळरान, गावाबाहेरचे घर हे सारे धाराशिवच्या प्रेक्षकाला ओळखीचे. कोवळ्या वयातील पहिल्या प्रेमाचे सिनेमे मराठीत आधीही आले होते. मग ‘फँड्री’ने वेगळे काय केले?

हॉलिवूडमध्ये काय घडले?

वयात येणाऱ्या मुलांच्या सिनेमांचा साचा बराचसा अमेरिकेत घडला. जॉन ह्यूज यांचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५) आजही या प्रकारातला मानदंड मानला जातो. शनिवारी शाळेत शिक्षा भोगणारी पाच मुले, पाचही गोरी. ह्यूज यांच्याच ‘सिक्स्टीन कँडल्स’मध्ये (१९८४) एक आशियाई विद्यार्थी आहे, पण तो केवळ हसण्यासाठी, तो पडद्यावर आला की घंटेचा टोल वाजतो. या दोन्ही सिनेमांची नायिका मॉली रिंगवाल्ड हिनेच २०१८ मध्ये लेख लिहून या सिनेमांकडे पुन्हा, आणि काहीशा अस्वस्थपणे, पाहिले.

दुसरी बाजूही होती. ‘कूली हाय’ (१९७५) शिकागोतील कृष्णवर्णीय मुलांचा. ‘बॉइज एन द हूड’साठी (१९९१) जॉन सिंगलटन यांना दिग्दर्शनाचे ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा ते अवघे २४ वर्षांचे होते. मात्र ‘क्लासिक’च्या यादीत पहिल्यांदा आठवतात ते ह्यूजच.

‘शाळा’ आणि ‘फँड्री’मध्ये फरक कोणता?

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके दिग्दर्शित ‘शाळा’ २०१२ मध्ये आला. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी आणि वर्गातली शिरोडकर. सिनेमा सुंदर आहे, यात वाद नाही. पण जोशीच्या वाट्याला येणारी भीती म्हणजे फार तर बोभाटा होण्याची, घरी कळण्याची.

‘फँड्री’तला जब्या साधारण त्याच वयाचा. त्यालाही वर्गातली शालू आवडते. तिचे मन जिंकण्यासाठी तो काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. त्याची भीती मात्र वेगळी आहे : घरच्यांसोबत डुकरे पकडताना शालूने आपल्याला पाहू नये. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतला शब्द, अर्थ डुक्कर. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, जब्या ताठ उभा राहतो आणि डुक्कर निसटते. पहिले प्रेम सारखेच. पण एका मुलाला आपण कोण आहोत हे लपवावे लागते, दुसऱ्याला तो प्रश्नच पडत नाही.

जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे अभिनयाचे शिक्षण घेतलेला नव्हता. हलगी वाजवताना तो मंजुळेंच्या नजरेत भरला. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रतिनिधित्व म्हणजे केवळ कथेतले पात्र नव्हे. कॅमेऱ्यामागे आणि पुढे कोण आहे, हेही त्यात येते.

‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा?

‘सैराट’ (२०१६) पारधी कुटुंबातील परश्या आणि पाटलांच्या आर्चीचा. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची इथे पुढाकार घेते. अकलूजच्या रिंकू राजगुरूने ती उभी केली. २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’ करताना कथा उदयपूरला गेली आणि जात नावापुरती उरली. शोकांत शेवट काहीसा बदलून ठेवला, पण त्या शेवटाचे कारणच पातळ झाले.

कोण अजून बाहेर आहे?

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांच्यासोबत मुलांची शाळाही सुटते. नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरून उचल दिली जात असल्याने मुलींची लग्ने लवकर लागतात. म्हणजे ज्या वयात सिनेमातली मुले चिठ्ठ्या लिहितात, त्या वयात इथल्या काही मुली फडात उभ्या असतात. ‘शाळा’ असो वा ‘फँड्री’, दोन्ही गोष्टी मुलाच्या नजरेतून दिसतात. शालू तर जवळपास बोलतच नाही. जब्या तिच्याकडे पाहत राहतो. तिच्या मनात काय चालले आहे, हे सिनेमा संपेपर्यंत कळत नाही.